घोटलेला काळोख

पहाट अजून फुटायची आहे. साल १६२०, महिना फेब्रुवारी, शहर रोम. तुमच्या पुढ्यात ओट्यावर जांभळट लाल दगडाची गुळगुळीत फरशी आहे आणि हातात त्याच दगडाचा, सपाट बुडाचा बत्ता. फरशीवर तपकिरी मातीची मूठभर रास, तिच्या मधोमध बोटाने केलेला खळगा, खळग्यात जवसाचे तेल. थंडीने बोटे वळत नाहीत, पण हात थांबवायचा नाही. बत्ता गोल गोल फिरवत कडेपर्यंत न्यायचा, पसरलेला रंग पातीने खरवडून मध्ये आणायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला दगडाखाली कण करकरतात. खांदा भरून येतो. हळूहळू करकर कमी होते आणि शेवटी नुसती सुळसुळ उरते. रंगाला लोण्यासारखी लकाकी येते. तुम्हाला वाटते, झाले. मग माएस्त्रो, म्हणजे चित्रशाळेचे गुरू, येतात, रंगाचा ठिपका अंगठ्याच्या नखावर पसरतात आणि नख दिव्याजवळ धरतात. नखावर एक कण चमकतो.

“अजून,” एवढेच म्हणून ते आत जातात.

मराठीत या कामाला नेमका शब्द आहे: घोटणे. आपण मात्रा घोटतो, पाटीवर अक्षर घोटतो, गळ्यात बंदिश घोटतो. पुढचे चार महिने तुम्ही इथे हेच करणार आहात. आधी रंग घोटायचा, मग त्या रंगाने दुसऱ्याचे चित्र घोटायचे. दोन्ही कामांत घाई केली की खर राहते आणि ती कुठेतरी दिसतेच.

तुमची चित्रशाळा पोपोलो चौकाजवळ, परदेशी चित्रकारांनी भरलेल्या वस्तीत आहे. गल्लीत इटालियनच्या बरोबरीने डच आणि फ्रेंच कानावर पडते. माएस्त्रो काही फार नावाजलेले नाहीत. त्यांचे घर नकलांवर चालते. हा शब्द ऐकून कानकोंडे होऊ नका. या शहरात नक्कल हा उघड धंदा आहे. ज्याला मूळ चित्र परवडत नाही किंवा मिळूच शकत नाही तो त्याची नक्कल मागवतो, आणि ज्याला चित्रकला शिकायची आहे तो नक्कल करतच शिकतो. एका व्यापाऱ्याला घरच्या प्रार्थनेच्या खोलीसाठी एक चित्र हवे आहे. माएस्त्रोंनी ते काम तुमच्यावर सोपवले आहे.

मूळ चित्र काराव्हाज्जोचे. येशूला क्रुसावरून उतरवल्यानंतर थडग्यात ठेवतानाचे. मिकेलांजेलो मेरिसी हे चित्रकाराचे खरे नाव; काराव्हाज्जो हे त्याच्या गावाचे. १६०६ साली एका भांडणात त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या माणसाचा खून झाला आणि तो रोममधून पळाला. नेपल्स, माल्टा, सिसिली असा भटकत, परतीच्या वाटेवर असताना जुलै १६१० मध्ये पोर्तो एर्कोले इथे तो वारला. वय ३८. त्याने शाळा काढली नाही. त्याच्या हातचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे एकही रेखाटन मागे उरलेले नाही. त्याला विचारावे तर तो नाही, वही उघडावी तर वही नाही. उरली ती चित्रे. त्याच्याकडून शिकायचे तर चित्रालाच गुरू करायचे. आणि चित्र आपणहून बोलत नाही. त्याच्यापुढे उभे राहून, त्याच्या मागोमाग हात चालवावा, तेव्हा ते थोडे थोडे सांगते.

उजाडते. खांद्याला पेटी लावून तुम्ही निघता. पेटीत डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्या आहेत. घोटलेला रंग त्यांत भरून तोंड दोऱ्याने आवळलेले. रंग हवा तेव्हा पिशवीला टोचायचे, दाबून थेंब काढायचा आणि भोकात खिळा बसवायचा. धातूची नळी यायला अजून २०० वर्षांहून जास्त काळ आहे. वाटेत नाव्होना चौक लागतो. भाजीवाल्यांची ओरड आहे, गाढवे आहेत, पण मधला तो प्रसिद्ध कारंजा नाही. ज्याच्या हातून तो होणार आहे तो बेर्निनी अजून २१ वर्षांचा आहे. आणखी थोडे पश्चिमेला गेले की समोर कियेझा नुओव्हा, म्हणजे नवे देऊळ. कागदोपत्री नाव सांता मारिया इन व्हालिचेल्ला.

आत शिरताच पांढरेपणा अंगावर येतो. हे मंदिर फिलिप नेरी यांनी स्थापन केलेल्या पाद्र्यांच्या संघाचे. नेरी १५९५ मध्ये वारले, इथेच त्यांना ठेवले आहे, आणि आणखी दोन वर्षांनी, १६२२ मध्ये, त्यांना संत म्हणून घोषित केले जाईल. आपल्या मंदिराच्या भिंती चुन्याने पांढऱ्या ठेवाव्यात अशी त्यांची इच्छा होती. छतावर आज जी सोनेरी नक्षी आणि आकाश भरून देवदूत आहेत, त्यांतले काहीच अजून आलेले नाही. पांढऱ्या भिंतींमुळे बाजूच्या कोनाड्यांतली चित्रे खिडकीतून रात्र दिसावी तशी दिसतात.

मुख्य वेदीकडे एकदा नजर टाका. तिथले काम रुबेन्स नावाच्या फ्लेमिश तरुणाने १६०८ मध्ये पुरे केले. आधी त्याने कापडावर चित्र काढले होते. पण त्या जागी उजेड तेलाच्या पृष्ठभागावर असा चमकायचा की चित्रच दिसेना. मग त्याने सगळे पाटीच्या दगडावर पुन्हा रंगवले. तैलरंग शिकणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा. तेल म्हणजे चमक, आणि चमक कधी चित्र उजळते, कधी झाकते. हाच रुबेन्स पुढे मायदेशी परतल्यावर, तुम्ही ज्याची नक्कल करायला आला आहात तेच चित्र आपल्या पद्धतीने बदलून रंगवणार होता. त्याचे ते चित्र आज कॅनडात ओटावा इथे आहे. म्हणजे या कोनाड्यापुढे शिकायला उभे राहणारे तुम्ही पहिले नाही.

उजव्या हाताचा दुसरा कोनाडा. वर बघा.

सगळ्यात आधी दिसतो तो दगड. जाड शिळेचा कोपरा चित्रातून बाहेर, थेट तुमच्याकडे आलेला. मग त्या शिळेवर उभी असलेली माणसे. डावीकडे तरुण योहान, येशूच्या पाठीखाली हात घातलेला. उजवीकडे निकदेम, दोन्ही गुडघ्यांना कवळ घालून वाकलेला. त्याचे कोपर इतके पुढे आले आहे की वाटावे धक्का लागेल. मागे तीन मरीया. येशूची आई, म्हातारी, डोक्यावरून वस्त्र घेतलेली. मान खाली घालून डोळे पुसणारी मग्दालीया. आणि अगदी टोकाला क्लोपाची मरीया, दोन्ही हात आभाळाकडे उभारलेली. त्या उंचावलेल्या हातापासून नजर उतरणीला लागते. एकेका डोक्यावरून खाली खाली येत येशूच्या लोंबत्या हाताशी थांबते. ती बोटे शिळेला टेकली आहेत.

पाद्री येतो, प्रार्थना सुरू होते. तो वेदीपुढे पवित्र भाकरी उंच धरतो. ही भाकरी म्हणजे येशूचे शरीर, अशी या लोकांची श्रद्धा. त्या क्षणी ती पांढरी चकती चित्रातल्या पांढऱ्या कफनाखाली, उतरत्या देहाच्या बरोबर समोर येते. चित्रातली माणसे तो देह थडग्यात ठेवताहेत की या वेदीवर, हे सांगता येऊ नये असे. हे चित्र या जागेसाठी, या उंचीसाठी, या विधीसाठी काढले आहे. चित्रशाळेत बसून ते कळले नसते. नक्कल करणाऱ्याने आधी गुडघे टेकून पाहावे असे माएस्त्रो का म्हणाले, ते आता कळते.

मूळ चित्र आजच्या मापात ३०० सेंटिमीटर उंच आणि २०३ रुंद. तुमचे कापड त्याच्या तिसऱ्या हिश्शाचे. त्याची तयारी पंधरवड्यापूर्वीच झाली आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडाला आधी सरस लावला, कारण तेल थेट धाग्याला लागले तर काही वर्षांत कापड कुजते. सरस वाळल्यावर त्यावर मातीच्या रंगांचे अस्तर दिले: लालसर, तपकिरी, ओल्या विटेपेक्षा गडद. पांढऱ्या कापडावर काम करायची सवय असलेल्या माणसाला हे विचित्र वाटते. काही काढायच्या आधीच संध्याकाळ झालेली.

पहिला आठवडा फक्त मोजण्यात जातो. एका लाकडी चौकटीत उभे-आडवे दोरे ताणून जाळी केली आहे. ती तिवईवर उभी करायची, एक डोळा मिटायचा आणि चित्र चौकोनाचौकोनांतून पाहायचे. तेवढेच चौकोन कापडावर खडूने आखलेले. तुम्ही माणसे बघायचे सोडता. तिसऱ्या रांगेच्या पाचव्या घरात एक तिरकी रेघ जाते, चौथ्या घरात एक अंधारी त्रिकोणी जागा आहे, एवढेच बघता. ती त्रिकोणी जागा म्हणजे योहानाच्या दंडाची आणि येशूच्या बरगड्यांची मधली पोकळी, हे संध्याकाळी दूर जाऊन पाहिल्यावर कळते. डोळ्याला नाव माहीत असले की तो पाहायचे सोडून देतो. जाळी त्याला नाव विसरायला लावते.

मग रंग. आणि तुमची पहिली मोठी चूक.

मागचा भाग काळा आहे, तो आधी उरकून घ्यावा, असे तुम्हाला वाटते. तुम्ही काजळी जवसाच्या तेलात कालवता आणि एका दुपारी सगळी पार्श्वभूमी भरून टाकता. आठ दिवस होतात, काजळी वाळत नाही. पंधरा दिवसांनी ती वरून सुकते पण मेलेली दिसते, चुलीच्या मागच्या भिंतीसारखी. माणसे कापून डांबरावर चिकटवल्यासारखी वाटतात. माएस्त्रो तुमचे कापड कोनाड्यात घेऊन येतात आणि मूळ चित्राखाली धरतात.

“त्याचा काळोख बघ आणि तुझा बघ.”

तुम्ही बघता. बराच वेळ काही दिसत नाही. मग ढगाआडून सूर्य येतो, वरच्या खिडकीतून उजेड पडतो आणि त्या काळोखात खोली दिसू लागते. तो काळा नाही. तो तपकिरी आहे, कुठे लालसर, कुठे हिरवट. खालच्या अस्तराची ऊब वरच्या पातळ गडद थरांतून वर येते आहे. विहिरीत वाकून पाहावे तसे नजर आत जाते आणि तिला तळ लागत नाही.

तुम्ही तुमची काजळी पातीने खरवडून काढता. दोन दिवस लागतात. मग उंब्रा घेता, म्हणजे या सगळ्याची सुरुवात ज्या मातीच्या घोटण्याने झाली तीच. ती लवकर वाळते, आणि पातळ लावली तर आरपार दिसते. एक पातळ थर, वाळू द्यायचा, दुसरा थर, वाळू द्यायचा. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात थोडे जास्त. उलट केले तर वरचा थर आधी आक्रसतो आणि चिरा पडतात. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतून काहीतरी ओढून घेते आणि घट्ट होत जाते, एवढे इथे अनुभवाने माहीत आहे. त्या ‘काहीतरी’ला प्राणवायू हे नाव मिळायला अजून दीडशे वर्षे आहेत. तोवर माएस्त्रो म्हणतात ते पुरे आहे: रंगाला श्वास घ्यायला वेळ द्या.

काळोख घोटावा लागतो. ही या चित्राने तुम्हाला सांगितलेली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून अवघड आहे. योहानाच्या वस्त्राच्या घडीत, निकदेमाच्या पिंडरीवर, जिथे उजेड संपून सावली सुरू होते तिथे नाक लावून पाहा. तिथे रंगच नाही. चित्रकाराने उजेडाचा रंग एका बाजूने आणला, सावलीचा दुसऱ्या बाजूने, आणि मधली पट्टी तशीच सोडून दिली. तिथे दिसते ते अस्तर. ते आपोआपच मधला रंग होऊन बसले आहे. इतक्या थोड्यात इतके. तुम्ही मात्र त्या पट्टीसाठी तीन तास रंग मिसळत बसला होतात. आता तुम्ही कुंचला उचलता, आणि जिथे लावायचा नाही तिथे लावत नाही. हात थरथरतो. लावण्यापेक्षा न लावायला जास्त धैर्य लागते.

मार्चच्या शेवटी तुम्ही येशूच्या देहापाशी येता आणि अडता. मोजमाप बरोबर आहे, चौकोन बरोबर आहेत, तरी तुमचा येशू झोपलेला वाटतो. माएस्त्रो काही बोलत नाहीत. त्या रात्री ते चित्रशाळेतल्या धाकट्या पोराला, चौदा वर्षांच्या, जमिनीवर निजायला सांगतात.

“मेल्यासारखा पड. अंग सोडून दे. आणि तुम्ही दोघे, उचला त्याला.”

तुम्ही पाठीखाली हात घालता, दुसरा शिकाऊ गुडघ्यांखाली. पोरगा किडकिडीत आहे, पण अंग सोडल्यावर तो दुप्पट जड होतो. ज्याने कधी कुणाला खांदा दिला आहे त्याला हे ओझे माहीत असते. डोके मागे कलंडते. एक हात सुटून खाली लोंबतो आणि झुलत राहतो. तुमचा पंजा बरगड्यांवरून घसरतो, तुम्ही घाईने पकड बदलता आणि बोटे काखेखालच्या मांसात रुततात. पोरगा कळवळून ओरडतो.

तुम्हाला एकदम चित्र दिसते. योहानाचा हात. मूळ चित्रात योहानाची बोटे येशूच्या कुशीतल्या भाल्याच्या जखमेला लागली आहेत. जखम त्या बोटांनी किंचित उघडली आहे. इतके दिवस तुम्ही ती बोटे हळुवार काढत होता, कारण योहान लाडका शिष्य, तो हळुवारच धरणार. पण ती बोटे हळुवार नाहीत. ती ओझ्याखाली घसरलेली आहेत. प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून, सांभाळताना, दुखऱ्या जागीच हात पडला आहे. आणि ज्याला दुखले असते तो आता ओरडणार नाही. ही गोष्ट कोणत्याही प्रवचनात तुम्हाला अशी भिडली नव्हती. ती भिडायला ओझे उचलावे लागले, आणि मग तेच ओझे कुंचल्याने पुन्हा उचलावे लागते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुनी बोटे पुसून टाकता.

मेलेल्या कातडीचा रंग करायचा कसा? तुम्ही निळा शोधू लागता. माएस्त्रो निळ्याची पिशवी काढून घेतात. पाटीवर राहतो शिशाचा सफेदा, पिवडी, थोडा हिंगूळ आणि कोळशाचा काळा. सफेदा हे मोठे कामाचे आणि घातकी द्रव्य आहे. शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेवर ठेवून तो बनवतात. हात धुतल्याशिवाय पावाला बोट लावायचे नाही, ही इथली सक्त ताकीद. सफेद्यात चिमूटभर काळा मिसळा. पाटीवर तो नुसता राखाडी दिसतो. तोच लालसर तपकिरी अस्तरावर, योहानाच्या रापलेल्या हाताशेजारी ठेवा. निळसर होतो. थंड होतो. निळा रंग न वापरता निळेपण येते, कारण डोळा एकटा रंग पाहत नाही, शेजार पाहतो. जिवंत बोटांत हिंगूळ जरा जास्त, मेलेल्या देहात जवळजवळ नाही. तेवढ्या फरकाने एकाच्या अंगात रक्त वाहते आणि दुसऱ्याच्या अंगात थांबते.

एप्रिलचा उजेड तुम्हाला योहानाच्या लाल वस्त्रापाशी आणतो. माएस्त्रो आधी हिंगूळ आणि गेरूने घड्या उभारायला लावतात आणि त्या पुऱ्या वाळू देतात. मग एक छोटी पिशवी उघडतात. आतला रंग काळपट, जाड, पण काचेवर पसरला की डाळिंबाच्या दाण्यासारखा. त्याला इथे ‘लाक्का’ म्हणतात.

हा शब्द कानावर पडताच तुम्ही थबकता. लाक्का. लाख. संस्कृतात लाक्षा. आपल्याकडच्या झाडांवर जी लाखेची कीड राहते तिच्या लाल रंगाचे नाव, व्यापाऱ्यांच्या तोंडून तोंडी जात, रोमच्या चित्रशाळेपर्यंत आले आहे. ज्या रंगाचा अळता होतो त्याच रंगाचे हे नाव. आता पिशवीतला माल बहुधा स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोहून आणलेल्या दुसऱ्या किड्याचा असतो, पण नाव मात्र लाखेचेच राहिले. तुम्ही तो रंग भरपूर तेलात पातळ करून वाळलेल्या लालावर पसरता आणि तळहाताने थापून सारखा करता. घड्यांच्या खोबणीत तो साचतो, उंचवट्यांवरून सरकतो. साधा विटकरी लाल एका दुपारीत खोल होतो. उजेड वरच्या थरातून आत जातो, खालच्या लालावर आपटतो आणि परत येतो. घरापासून इतक्या दूर, परक्या देवाच्या शिष्याचे वस्त्र रंगवताना, हाताला आजीच्या पायांचा रंग लागलेला असतो.

मे उजाडेपर्यंत जवळजवळ सगळे जमते. उरतात ते केस आणि दाढी. तुम्ही एकेक बट मोजून काढता, एकही इकडची तिकडे होऊ देत नाही, आणि केस लाकडात कोरल्यासारखे दिसतात. याच शहरात जुलियो मांचिनी नावाचे एक वैद्य आहेत. रुग्ण तपासता तपासता ते चित्रेही तपासतात आणि सध्या चित्रकलेवर एक ग्रंथ लिहीत आहेत. मूळ आणि नक्कल यांतला फरक ओळखायचा तर केसांसारख्या जागा पाहा, असे त्यांचे सांगणे. मूळ चित्रकाराचा हात तिथे न अडखळता गेलेला असतो. नक्कल करणाऱ्याचे कष्ट तिथे उघडे पडतात.

तुमचे कष्ट उघडे पडले आहेत. माएस्त्रो यावर औषध देतात ते असे: कोनाड्यात जायचे, येशूच्या केसांकडे एक तास बघायचे, कुंचला पेटीत ठेवायचा. मग चालत चित्रशाळेत यायचे आणि वाटेत जेवढे शिल्लक राहील तेवढेच रंगवायचे. पहिल्या दिवशी काहीच शिल्लक राहत नाही. पाचव्या दिवशी एक वळण राहते, मानेशी ओल्या केसांची एक जड बट. तुम्ही ती एका फटक्यात काढता. ती मूळ चित्रातल्या बटेसारखी नाही. पण ती केसांची आहे.

जून. कापड पुरे झाले आहे. न्यायच्या आधी तुम्ही ते शेवटचे कोनाड्यात आणता आणि मूळ चित्राखाली टेकवून ठेवता. इथेच थोडे थांबा आणि काळाची घडी पुढे उलगडा.

१७९७. नेपोलियनच्या फौजांपुढे नमलेल्या पोपला तहाच्या अटीप्रमाणे निवडक शंभर कलाकृती फ्रान्सला द्याव्या लागल्या. हे चित्र त्यांत आहे. ते भिंतीवरून उतरते, पॅरिसला जाते. कोनाड्यात रिकामी भिंत राहते, आणि वेदीवर भाकरी उंच धरली की तिच्या मागे काहीच नसते. मग मिकेले कोएक नावाचा चित्रकार नक्कल करतो आणि ती त्या जागी बसते. नेपोलियन पडल्यावर, १८१५ नंतर, मूळ चित्र रोमला परत आले, पण या कोनाड्यात नाही. ते पोपच्या संग्रहात गेले आणि आज व्हॅटिकनच्या चित्रदालनात आहे. तिथे ते डोळ्यांच्या पातळीवर, उत्तम उजेडात, दोरीपलीकडे टांगलेले आहे. जगभरची माणसे येऊन पाहतात. पण त्याच्याखाली वेदी नाही.

वेदी इथे आहे, आणि वेदीवर नक्कल आहे. आजही कुणी म्हातारी या कोनाड्यात येऊन गुडघे टेकते, वर बघते, ओठ हलवते. शिळेचा कोपरा तिच्याकडे तसाच आलेला असतो. ती नक्कल करणाऱ्या चित्रकाराने दुसऱ्याचे चित्र घोटताना स्वतःला किती मागे ठेवले असेल, हे तुम्ही आता चार महिन्यांच्या अनुभवाने सांगू शकता. मूळ चित्र हरवल्यावर त्याची जागा राखायला कुणीतरी लागते. नक्कल हे शिकण्याचे काम आहे, आणि कधी कधी ते राखण करण्याचेही काम आहे.

घडी मिटा. पुन्हा १६२०, पुन्हा जून. व्यापाऱ्याचा माणूस चित्र घेऊन गेला आहे. माएस्त्रोंनी तुम्हाला एक छोटे कापड दिले आहे, अस्तर लावलेले, लालसर तपकिरी. “आता बघायला काही नाही,” ते म्हणतात. खिडकीशी चौदा वर्षांचा तो पोरगा स्टुलावर बसून पेंगतो आहे. त्याचा एक हात गुडघ्यावरून खाली लोंबतो, बोटे जमिनीच्या दगडाला टेकलेली. त्याच्या हातात रक्त आहे, म्हणून हिंगूळ जरा जास्त लागेल. तुम्ही कुंचला उचलता. उजेड एका बाजूने आणता, सावली दुसऱ्या बाजूने, आणि मधली पट्टी सोडून देता.

शेजारच्या खोलीत नवा आलेला मुलगा सकाळपासून उंब्रा घोटतो आहे. “झाले,” तो तिकडून हाक मारतो. तुम्ही हात न थांबवता ऐकता. बत्त्याखाली बारीक करकर अजून आहे.

“अजून,” तुम्ही म्हणता.